मामंजींचा मुलामा आणि भाऊजींचे मासे

साल दोन हजार तीन. त्या वर्षी आमच्या घरात चमकवायचा धंदा करणारी दोन माणसं होती आणि त्या दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं.

पहिले माझे सासरे, म्हणजे मामंजी. त्यांचं मुलाम्याचं दुकान होतं. नळ, दाराच्या मुठी, सायकलींची हँडलं, दवाखान्यातल्या कात्र्या, बँडवाल्यांची वाद्यं, शाळांचे चषक असं जे काही गंजून, काळवंडून, पोचे पडून यायचं, ते आधी तेजाबात बुडायचं, मग चाकावर घासलं जायचं. नंतर तांब्याचा हौद, मग निकेलचा हौद, आणि शेवटी ओळीने ठेवलेल्या तीन पिंपांत धुणं. तिसऱ्या पिंपातून वस्तू वर आली की मामंजी ती उजेडात धरून तिच्यात आपला चेहरा बघत. मिशी नीट दिसली तर काम पास. दारावर पाटी होती: ‘आमचा मुलामा सुटत नाही. सुटल्यास वस्तू नवी देऊ.’ नवी वस्तू द्यायची वेळ कधी आली नव्हती, हा त्यांच्या आयुष्याचा सारांश होता. तो ते दिवसातून एकदा तरी सांगत.

दुकानाच्या पुढच्या बाजूला मी बसत असे. थोरली सून. वस्तू घ्यायची, तिला चिठ्ठी बांधायची, आणि गिऱ्हाईक ‘उद्या मिळेल का’ म्हणालं की ‘परवा’ म्हणायचं. आमचे हे मागे चाकावर. जन्म त्या घरघराटात गेल्यामुळे ते घरातही मोठ्यानेच बोलत, आणि मोठ्याने बोलण्याजोगं माणसाकडे फार नसतं, म्हणून एकूण कमीच बोलत.

दुसरे चमकवणारे माझे धाकटे दीर. भाऊजी पाणीखात्याच्या संशोधनशाळेत होते आणि मासे पाळत होते. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे असलेले. तसे दिसायला साधेच. पण भाऊजींनी त्यांच्या अंड्यांत जेलीफिशचा एक जीन घातला होता. पाण्यात तांबं, निकेल, कॅडमियम असलं काही मिसळलं असेल तर त्या माशांचं अंग हिरवं उजळायचं. स्वच्छ पाण्यात ते आपले नुसते मासे. नदीकाठी कारखाने वाढत होते, आणि पाण्यात काय सोडतात ते शोधायला बाटल्या दूर पाठवाव्या लागत. उत्तर येईपर्यंत ते पाणी कधीच समुद्राला मिळालेलं असे. भाऊजींचं म्हणणं, मासा दुसऱ्या दिवशी सांगतो.

हे त्यांनी घरात समजावलं तो प्रसंग मला कालच्यासारखा आठवतो. मामंजी जेवत होते.

“म्हणजे माशाला मुलामा दिलास,” ते म्हणाले.

“मुलामा नाही बाबा. आत आहे ते. जन्मापासून.”

“आतून मुलामा? मग दिसणार कसा?”

“त्याला त्रास झाला की दिसतो. धातू अंगात शिरला की शरीर एक दार उघडतं. त्या दाराला मी दिवा बांधलाय, एवढंच.”

सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे दुखलं की चमकतात. आपल्या घरात दुखलं की तोंड मिटून बसतात. तुझे मासे बरे.”

मामंजी तोंड मिटून जेवत राहिले.

त्यांचं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना धाकटा दुकानात हवा होता. थोरल्याचा हात चाकावर चांगला, पण हौदाचं काम वेगळं. पाण्याचा रंग बघून त्यात काय कमी पडलं ते ओळखायला डोकं लागतं, आणि ते डोकं भाऊजींना होतं. लहानपणी ते तिसऱ्या पिंपाशेजारी स्टुलावर बसून अभ्यास करत आणि मान वर न करता सांगत, “बाबा, निकेल पातळ झालंय.” ते स्टूल मामंजींनी नंतर कुणाला दिलं नाही. मी एकदा त्यावर गिऱ्हाइकाची घंटा ठेवली, तर त्यांनी काही न बोलता ती उचलून जमिनीवर ठेवली.

तर त्या वर्षी भाऊजींच्या योजनेची मुदत संपत आली. खात्याने समिती नेमली. समितीसमोर दोन टाक्या ठेवायच्या, एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत कारखान्यांच्या खालच्या अंगाचं नदीचं पाणी. दोन्हींत मासे सोडून टाक्या सीलबंद करायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. नदीतले चमकले आणि स्वच्छ पाण्यातले नाही चमकले, तर योजना पक्की. नाही तर बंद. आणि बंद झाली तर असे बदललेले मासे कुणाला देता येत नाहीत, नदीत सोडता येत नाहीत. सगळे मारायचे, असा नियम होता.

मामंजींनी विचारलं, “आणि तू?”

“मी काय,” भाऊजी म्हणाले. “नाही जमलं तर येतो दुकानात. स्टूल आहेच.”

ते वैतागून बोलले होते. पण आमच्या घरात बोललेला शब्द हौदातून काढलेल्या वस्तूसारखा, परत आत जात नाही. त्याच आठवड्यात मामंजींनी स्टुलाला रंग दिला. ऊन दाखवायला बाहेर ठेवलं आणि मला म्हणाले, “सूनबाई, रंग उडाला होता म्हणून दिला. दुसरं काही नाही.” मी विचारलं नव्हतं.

गोष्ट बिघडली ती कपड्यांच्या चिमट्यांवरून.

सासूबाईंच्या दोरीवरचे चिमटे कमी होत चालले होते. त्यांचा संशय वाऱ्यावर होता, मग शेजारणीवर गेला. शेवटी भाऊजींनी कबूल केलं. टाकीत हवा सोडणारी नळी आणि थर्मामीटर जागेवर राहावं म्हणून काचेला आतून चिमटे लावावे लागत, आणि त्यासाठी प्लॅस्टिकच्या चिमट्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

मामंजींचा घास हातात राहिला. “समितीसमोर कपड्यांचे चिमटे?”

“चालतात बाबा.”

“कसल्या रंगाचे?”

“एक गुलाबी, एक निळा. रंगाने काय होतंय.”

मामंजींनी तो घास ताटात परत ठेवला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पितळेची पट्टी काढली आणि दुपारभर कानशीने काहीतरी घासत बसले. मी डोकावले तर पंच्याने झाकलं. मला वाटलं, दाताचं काहीतरी असेल. त्या दिवसांत त्यांचा दात दुखत होता आणि दवाखान्यापेक्षा स्वतःच्या हत्यारांवर त्यांचा विश्वास जास्त होता.

टाक्या सीलबंद करायच्या दिवशी आम्ही सगळे पाणीखात्याच्या इमारतीत गेलो. चमक बघायला अंधार लागतो आणि त्या खोलीच्या खिडक्यांना पडदे नव्हते, म्हणून घरची ब्लँकेटं न्यायची होती. जिना चढून वरच्या मजल्यावर एक लांब खोली, तिच्यात रबराचा आणि ओल्या स्पंजाचा वास, भिंतीला लागून टाक्याच टाक्या. मामंजी तिथे पहिल्यांदाच आले होते. हात पाठीमागे बांधून दुसऱ्याच्या दुकानात हिंडावं तसे हिंडले. नळ पाहिले. एक नळ बोटाने पुसला.

“कुणी दिलाय मुलामा?”

“कारखान्यातून तसाच आलाय.”

“हं,” मामंजी म्हणाले. त्या ‘हं’मध्ये त्या कारखान्याची पिढ्यान्‌पिढ्यांची अब्रू गेली.

समितीचे सचिव टाक्यांवर कागदी पट्ट्या चिकटवून सही करायला आले होते. सडपातळ, वर डोकं गोल, आणि प्रत्येक कागदाला टाचणी लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. खात्यात त्यांना सगळे टाचणीच म्हणत. त्यांना आधी चहा लागला. भाऊजी त्यांना खाली घेऊन गेले, मी आणि सासूबाई ब्लँकेटांना दोऱ्या ओवत बाहेरच्या सज्जात बसलो, आमचे हे शिडी शोधायला गेले. खोलीत मामंजी एकटे राहिले. चहा व्हायला कितीसा वेळ लागतो. तेवढा पुरला.

मंडळी परत आली, टाचणींनी झाकणांवर पट्ट्या लावल्या, सह्या केल्या. भाऊजींचं लक्ष होतं माशांवर. बापाचं पोराच्या परीक्षेच्या दिवशी असतं तसं. टाकीच्या कोपऱ्यात, पाणी गाळायच्या स्पंजामागे काय आहे, इकडे त्यांनी पाहिलंच नाही. मामंजी मात्र घरी येताना इतके खुशीत होते की त्यांनी शेजाऱ्याच्या फाटकाची मूठही वाईट म्हटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती आली. अध्यक्षबाई आखूड केसांच्या, पायात बूट, बोलणं मोजकं. त्यांना दुपारच्या गाडीने परत जायचं होतं आणि हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. भाऊजींनी सगळ्यांना पिवळ्या काचांचे चष्मे वाटले. निळ्या दिव्यात ते चष्मे घातले की माशांची हिरवी चमक दिसते. माझ्याकडे दाराचं ब्लँकेट धरायचं काम होतं, कारण ते सारखं घसरत होतं. दिवे मालवले.

आणि मासे उजळले. मी आयुष्यात काही मोठं पाहिलेलं नाही, पण ते पाहिलंय. काळोखात हिरव्या ठिणग्या पोहत होत्या. पोटाकडे जास्त, शेपटीकडे कमी. सासूबाईंनी माझा दंड धरला.

“वा,” अंधारातून मामंजी म्हणाले. मुलाच्या कामाला ‘वा’ म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. “काय झळाळी आहे. आणि डावीकडची टाकी तर बघा. उजवीपेक्षा सरस.”



“बाबा,” भाऊजींचा आवाज आला, “डावीकडची चमकायला नको होती.”

दिवे लागले. चष्मे काढून सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मामंजींनी मात्र काढला नाही. त्या पिवळ्या काचांत ते एखाद्या वेल्डिंगवाल्यासारखे दिसत होते.

अध्यक्षबाई खुर्चीवर बसल्या. “तुमची मेहनत दिसते,” त्या भाऊजींना म्हणाल्या. “पण गोडालाही खारट म्हणणारी जीभ काय कामाची? हे मासे सगळ्याच पाण्याला घाण म्हणतायत.”

“काहीतरी चुकलंय. हे पाणी मी स्वतः तपासलं होतं.”

“सील तुमच्यासमोर लागलं. सही आहे.”

“आहे,” टाचणी म्हणाले.

“मग मला लिहावं लागेल. योजना बंद.”

सासूबाईंनी हळूच विचारलं, “आणि मासे?”

भाऊजींनी अध्यक्षबाईंच्या परवानगीने पट्टी फाडली, झाकण उचललं आणि हात आत घातला. मग हात तसाच ठेवून म्हणाले, “चिमटे कुठायत?”

स्पंजामागून त्यांनी जे काढलं ते बघून माझ्या डोक्यात पंचा, कानस आणि दात यांची एकदम गाठ पडली. दोन चिमटे होते. पितळेचे, वर तांबं, त्यावर निकेल, आरशासारखे. दोन्हींवर दुकानाचा शिक्का. इतकं सुबक काम त्या दुकानातून क्वचितच बाहेर पडलं असेल.

“हे कुणी लावलं?” भाऊजींनी विचारलं.

मामंजींनी चष्मा काढला. “मी. ते गुलाबी-निळे बघवत नव्हते. एवढी मोठी माणसं यायची, आणि टाकीला कपड्यांचे चिमटे?”

“मग एकाच टाकीला का?”

“दुसरीत घाण पाणी होतं. माझं काम मी घाणीत बुडवत नाही.”

“जुने कुठे टाकले?”

मामंजींनी कोटाच्या खिशातून गुलाबी आणि निळा चिमटा काढून टेबलावर ठेवला.

“माझेच आहेत,” सासूबाई म्हणाल्या.

भाऊजी अध्यक्षबाईंकडे वळले. त्यांच्या आवाजात जीव आला होता. “बाई, हे बघा. निकेल आणि तांबं. पाण्यात सुटलंय. मासे बरोबर सांगतायत. खोटं पाणी आहे, मासे खरे आहेत.”

आणि तिथे मामंजींच्या तोंडून ते वाक्य निघालं. त्यांनी काढलं नाही, ते निघालं. शिंक निघते तसं.

“माझा मुलामा सुटत नाही.”

“बाबा.”

“नाही सुटत. कुणालाही विचार.”

विचारायची गरज पडली नाही. टाचणींनी घसा साफ केला. “तसं मी सांगू शकतो. माझ्या घरचे सगळे नळ यांनीच केलेत. मुलं लहान होती तेव्हा केले, आता नातवंडं खेळतात. एक पापुद्रा निघालेला नाही. खरं तेच सांगितलं पाहिजे.”

मामंजींची छाती भरून आली. ती भरून येताना मी पाहिली, आणि अर्ध्यातच थांबलेलीही पाहिली. कारण अध्यक्षबाई म्हणाल्या, “मग प्रश्नच मिटला. एक तर यांचा मुलामा खोटा, नाही तर यांचे मासे. माझ्या सचिवांची साक्ष मुलाम्याच्या बाजूने आहे. टाकी बिघडवली गेली असं कोणी खात्रीने सांगितलं, तर मी पुन्हा चाचणी घेऊ शकते. शंकेवर घेता येत नाही.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

खोलीत हवेच्या नळ्यांची बुडबुड तेवढी चालू होती. ब्लँकेट धरून माझे हात भरून आले होते आणि आता ते धरायची काही गरज नव्हती, पण सोडायचं कुणाच्या लक्षात येतंय. मी मामंजींकडे बघत होते. नुसतं गप्प राहायचं होतं त्यांना. गप्प राहण्यात त्यांचा हातखंडा. गप्प राहिले की पाटीवरचा शब्द राखला जाणार होता, तोही सरकारी साक्षीने. आणि रंग दिलेल्या स्टुलावर धाकटा येऊन बसणार होता, न बोलावता, स्वतःच्या शब्दाने. एवढ्या वर्षांत जे मागून मिळालं नव्हतं ते तोंड मिटून मिळत होतं.

भाऊजींनी टाकीत जाळी घातली होती, पण ते मासे पकडत नव्हते. नुसती फिरवत होते.

मामंजींनी टेबलावरचा एक चिमटा उचलला. उजेडात धरला. मिशी बघतात असं मला वाटलं. पण ते चिमट्याची कड बघत होते.

“काच जाड निघाली,” ते म्हणाले.

“काय?” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“घरी अंदाजाने बनवले. इथे बघतो तर काच जाड. बसेनात. मग पकडीने वाकवले.” त्यांनी चिमटा परत टेबलावर ठेवला. “मुलामा दिल्यावर वाकवले.”

आमचे हे शिडीपाशी उभे होते. त्यांच्या तोंडून नेहमीच्या आवाजात, म्हणजे अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं आलं, “बाबा, तुम्ही मुलामा दिल्यावर वाकवलंत?”

“ओरडू नकोस.”

“आम्ही वाकवलं असतं तर तुम्ही…”

“माहीत आहे मी काय केलं असतं.” मामंजी अध्यक्षबाईंकडे वळले. “बाई, वाकवलं की मुलामा फुटतो. बारीक, केसाएवढं. डोळ्याला दिसत नाही. खालचं तांबं पाण्याला लागतं. धंद्यात येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात सांगतो आम्ही हे. मला चहा संपायच्या आत काम उरकायचं होतं.”

“म्हणजे तुमचं म्हणणं…”

“लिहा,” मामंजी टाचणींना म्हणाले. “माझा मुलामा सुटला.”

टाचणींनी पेन काढलं, पण त्यांना ते लिहवेना. “उस्ताद, सुटला असावा असं लिहू?”

“सुटला लिहा. हे एवढंसं सुटलेलं माझ्या डोळ्याला दिसलं नाही, त्याच्या माशाला कळलं. मग मासा खरा. सुटला लिहा आणि खाली माझी सही घ्या.”

सही केली. टाचणींनी त्या कागदाला टाचणी लावली, मग काय वाटलं कोण जाणे, दुसरीही लावली.

अध्यक्षबाईंनी गाडी सोडली. नवी स्वच्छ टाकी भरली गेली, गुलाबी आणि निळा चिमटा लागला. दोन्ही सासूबाईंनी आधी स्वतः पुसून दिले. या वेळी चहाला सगळे एकदम गेले. खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली अध्यक्षबाईंनी बुटाजवळच्या मोज्यात ठेवली. त्यांचा आमच्या घराण्यावर तेवढाच विश्वास उरला होता.

दुसऱ्या दिवशी दिवे मालवले. उजवीकडे हिरवा उजेड. डावीकडे काळोख. इतका सुंदर काळोख मी पुन्हा पाहिला नाही.

“डावीकडे काहीच दिसत नाही,” मामंजी अंधारात म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. “वा,” ते म्हणाले.

त्यानंतर बरंच काही झालं. योजना पक्की झाली. कारखान्यांच्या नाल्यांतलं पाणी माशांपुढे यायला लागलं, आणि त्यांतले काही नाले नंतर बंदही झाले. सगळे झाले असं मी म्हणणार नाही. भाऊजी पुढे त्या संशोधनशाळेचे प्रमुख झाले. आता निवृत्त आहेत, गुडघे दुखतात, आणि दुखलं की अजिबात चमकत नाहीत, घरच्या वळणावर जाऊन तोंड मिटून बसतात.

टाचणी त्या दिवसापासून घाबरले. आपले नळ सुटत असतील तर, म्हणून घरचं पाणी बाटलीत भरून घेऊन आले. मासे चमकले नाहीत. नळ कुणी वाकवले नव्हते. मामंजींनी तो निकाल भाऊजींकडून तीन वेळा ऐकला, प्रत्येक वेळी ‘नीट ऐकू आलं नाही’ म्हणून. टाचणी बदली होऊन गेले. पत्रं पाठवायचे. टाचलेली.

अध्यक्षबाई एकदाच परत आल्या, दुकानात. कॉलेजात पळण्याच्या शर्यतीत मिळालेला काळा पडलेला चषक घेऊन. मी म्हटलं, “परवा मिळेल.” मामंजी आतून ओरडले, “उद्या.”

सासूबाईंनी ते दोन चिमटे परत मागितले नाहीत. बाजारातून नवे आणले, सगळे पांढरे, आणि आल्यागेल्याला सांगत, “गुलाबी-निळे सरकारी कामात आहेत.” त्या गेल्या तेव्हा दोरीवर एक चिमटा राहिला होता, तो मी काढला नाही. मोडेपर्यंत होता.

आमचे हे चाक बंद झाल्यावरही मोठ्यानेच बोलत. आता ते नाहीत, आणि घर इतकं हळू बोलतं की मला रेडिओ लावून ठेवावा लागतो.

मासे हळूहळू म्हातारे झाले. त्यांच्या पिल्लांची पिल्लं झाली, मग पाणी तपासायची यंत्रं आली. शेवटच्या टाकीतले मासे भाऊजींनी नियमाप्रमाणे मारले नाहीत आणि नियमाबाहेर जाऊन घरीही नेले नाहीत. ती टाकी कचेरीतल्या आपल्या खोलीत ठेवली आणि मासे म्हातारपणाने जातील तसे जाऊ दिले. कागदोपत्री ते काम ‘चालू’ होतं.

मामंजींचं सांगायचं राहिलं. ते दुकानाची पाटी काढतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी शिडी लावली, डबा आणि कुंचला घेतला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘वाकवू नये.’ झालं.

पण त्याच महिन्यात एका रविवारी, दुकान बंद असताना, ते मला म्हणाले, “सूनबाई, एक स्वच्छ बाटली दे.” आणि तिसऱ्या पिंपातलं पाणी भरून ती भाऊजींकडे दिली. वस्तू धुऊन झाल्यावर ते पाणी मागच्या गटारात जायचं आणि गटार नदीला. तिसऱ्या पिंपातलं पाणी पिऊन दाखवीन, असं ते नेहमी म्हणायचे. सुदैवाने कधी प्यायले नव्हते.

रिकामी बाटली घेऊन भाऊजी दुसऱ्या संध्याकाळी घरी आले. मामंजी दारातच उभे होते.

“चमकले?”

“बाबा, बघायला चष्मासुद्धा लागला नाही.”

मामंजींनी विचार केला. “दिवा तरी मालवला होतास?”

“तोही नाही.”

ते वळून आत निघून गेले. मला वाटलं, आता महिनाभर गप्प. पण सकाळी तिसऱ्या पिंपाशेजारी त्यांनी चौथं पिंप आणून ठेवलं होतं, मग पाचवं आलं, मग भाऊजींनी सांगितलेली ती चुन्यासारखी भुकटी घालून गाळ खाली बसवायचा हौद आला. आणि शेवटच्या पिंपापाशी, जिथून पाणी बाहेर जायचं, मामंजींनी ते रंग दिलेलं स्टूल नेऊन ठेवलं.

मग दर रविवारी भाऊजी यायचे. बरणीत मासे आणायला परवानगी नव्हती, म्हणून पाणी न्यायला यायचे. स्टुलावर बसायचे, बाटली भरायचे, आणि मान वर न करता म्हणायचे, “बाबा, निकेल पातळ झालंय.”

“पाण्यात की हौदात?”

“दोन्हींत.”

मामंजी आतल्या अंधारातून “हं” म्हणायचे. तो ‘हं’ मला अजून ऐकू येतो. दुकान विकलं तेव्हा नव्या मालकाने सगळं घेतलं, हौद, चाक, पाटीसुद्धा. स्टूल मात्र मी घेऊन आले. त्यावर मी काही ठेवत नाही.